पात्रता पूर्ण, उंची अपुरी : पोटोसी डोंगरावरच्या अपघाताचा अभ्यास

८ नोव्हेंबर २००७. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात नॉर्थ लास व्हेगास विमानतळावरून संध्याकाळी सातच्या सुमारास सेसना टी-१८२टी हे एका इंजिनाचं छोटं विमान उडालं. विमान सिव्हिल एअर पट्रोल या स्वयंसेवक दलाचं होतं. आत दोघं जण होते. दोघंही वैमानिक, दोघंही दलातले वरिष्ठ अधिकारी, आणि दोघांच्या लॉगबुकांत मिळून पन्नास हजार तासांहून अधिक उड्डाण नोंदलेलं. जायचं होतं कॅलिफोर्नियातल्या रोझामंडला, सुमारे १७० सागरी मैलांवर. हवा चांगली होती. व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे बाहेर बघून विमान चालवायच्या नियमांखाली जायला, हवामानाची काहीच आडकाठी नव्हती.

उड्डाणानंतर पंधरा मिनिटांच्या आत ते विमान शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या पोटोसी डोंगराच्या कड्यावर आदळलं. विमान तेव्हाही उंची घेतच होतं. दोघंही गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, या अपघाताचं संभाव्य कारण अगदी थोडक्यात दिलं आहे: उंची घेत असताना वैमानिकाने जमिनीपासून पुरेसं अंतर राखलं नाही. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी चार. चढत जाणारा डोंगराळ प्रदेश, काळोखी रात्र, आपण नेमके कुठे आहोत याचं वैमानिकाचं सुटलेलं भान, आणि डोंगराबद्दल वेळीच इशारा न देणारे हवाई वाहतूक नियंत्रक. यात इंजिनाचा बिघाड नाही, वादळ नाही, इंधन संपलेलं नाही.

स्वयंसेवक शोध-बचाव वैमानिकांच्या पात्रतेचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. हौशी माणसं कशाला हवीत, किमान तास वाढवा, चाचण्या कडक करा. या मागण्या गैर नाहीत. पण पोटोसीवर गेलेल्या विमानात कमी पडावं असं पात्रतेतलं काय होतं, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. पात्रतेचे नियम माणसाची परीक्षा घेतात. इथे माणसं परीक्षेला उतरलेली होती. परीक्षा घ्यायची राहून गेली ती त्या रात्रीच्या त्या एका उड्डाणाची.

दल आणि त्याचे नियम

सिव्हिल एअर पट्रोल १ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी, स्थापन झालं. १९४८ पासून ते अमेरिकी हवाई दलाचं अधिकृत सहायक दल आहे. सदस्य आपापले नोकरी-धंदे सांभाळून इथे काम करतात. ताफ्यात पाचशेहून अधिक विमानं आहेत, बहुतेक सेसना १७२, १८२ आणि २०६. अमेरिकेच्या भूभागावर एखादं छोटं विमान बेपत्ता झालं की आकाशातून शोधायचं काम बऱ्याचदा याच दलाकडे येतं.

स्वयंसेवक असणं म्हणजे पैसे न घेणं, आणि याला कायद्याचं नेमकं कलम आहे. खाजगी वैमानिकाचा परवाना असलेल्याला विमान चालवण्याबद्दल मोबदला घेता येत नाही. शोधमोहिमेसाठी मात्र अमेरिकी हवाई नियमांच्या ६१.११३ व्या कलमात मर्यादित सूट आहे. इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि विमानाचं भाडं एवढ्याचीच भरपाई त्याला मिळू शकते. तीसुद्धा मोहीम एखाद्या सरकारी यंत्रणेच्या किंवा शोधकार्य करणाऱ्या संस्थेच्या मंजुरीने आणि तिच्या नियंत्रणाखाली चालली असेल तरच. या सवलतीमुळेच डॉक्टर, शिक्षक, निवृत्त कॅप्टन असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक शोधाला उडू शकतात. शोधाचं उड्डाण संस्थेच्या नियंत्रणाखाली हवं, ही अट या कलमात आधीपासून आहे, हे लक्षात ठेवावं. 

कायद्याची किमान अट तशी हलकी आहे. खाजगी परवान्यासाठी एकूण ४० तास पुरतात. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीनदा उडून तीनदा उतरलेलं असावं लागतं. रात्री न्यायचे असतील तर ते तिन्ही वेळा रात्रीचंच, आणि दर वेळी विमान पूर्ण थांबवून.

दलाची स्वतःची नियमावली यापेक्षा बरीच कडक आहे. तेव्हा तिचा क्रमांक ६०-१ होता, आज ७०-१ आहे. दर वर्षी दलाच्या परीक्षक वैमानिकासमोर उडून दाखवावं लागतं. शोधमोहिमेचा वैमानिक व्हायचं तर विमानाचा प्रमुख म्हणून २०० तास हवेत, त्यातले ५० लांबच्या प्रवासाचे. त्याआधी मागच्या सीटवर बसून जमीन निरखणारा स्कॅनर म्हणून तयार व्हावं लागतं. हा टप्पा मला फार शहाणपणाचा वाटतो. मागे बसून तासन्‌तास झाडं आणि सावल्या बघितलेला माणूस पुढे बसल्यावर वळण कसं घ्यावं, वेग किती ठेवावा हे जास्त चांगलं जाणतो. शोधाच्या उड्डाणात कामं वाटून दिलेली असतात. वैमानिक फक्त विमान चालवतो, उजव्या सीटवरचा ऑब्झर्व्हर रेडिओ, नकाशा आणि शोधाची जागा सांभाळतो, स्कॅनर बाहेर बघतो.

उंचीचेही नियम आहेत. विमान उडणं-उतरणं सोडलं तर दिवसा जमिनीपासून १,००० फूट आणि रात्री २,००० फूट. दिवसा काही संशयास्पद दिसलं आणि ओळख पटवायची असेल तर खाली जाता येतं, पण ५०० फुटांच्या खाली कधीच नाही; आणि ओळख पटली की लगेच परत वर यायचं.

शिवाय दलाचं कुठलंही विमान वैमानिकाच्या एकट्याच्या मर्जीने उडत नाही. फ्लाइट रिलीज ऑफिसर म्हणजे उड्डाणाला परवानगी देणारा दुसरा अधिकारी लागतो. वैमानिक स्वतःच स्वतःला परवानगी देऊ शकत नाही. कागदावर बघितलं तर ही व्यवस्था बऱ्याच व्यावसायिक कंपन्यांना शोभेल अशी आहे.

त्या शरद ऋतूतला नेव्हाडा

या अपघाताच्या दोन महिने आधी नेव्हाडातलं हेच दल जगभरच्या बातम्यांत होतं. ३ सप्टेंबर २००७ ला साहसी उड्डाणांचे विक्रम नावावर असलेले स्टीव्ह फॉसेट नेव्हाडातल्या एका रँचवरून सुपर डेकॅथलॉन विमान घेऊन सकाळी उडाले आणि परतलेच नाहीत. महिनाभर शोध चालला. २ ऑक्टोबरला तो थांबवण्यात आला. फॉसेट यांचं विमान सापडलं ते वर्षभराने, १ ऑक्टोबर २००८ ला, कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळ सुमारे १०,००० फुटांवर. एका गिर्यारोहकाला त्यांची ओळखपत्रं दिसली, तेव्हा माग लागला. डोंगरावरून खाली उतरणाऱ्या हवेच्या झोतात विमानाची चढायची ताकद कमी पडली, असा निष्कर्ष तपासात निघाला.

तो शोध डोंगरात चालला होता, दुपारच्या उकाड्यात, विरळ हवेत, खालीवर ढकलणाऱ्या वाऱ्यात. अशा वेळी दलातलं प्रत्येक माणूस सावध असतं. ब्रीफिंग होतं, धोक्यांची यादी वाचली जाते, कुठल्या खोऱ्यात कुठल्या बाजूने शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं हे आधी ठरतं. मोहिमेचं उड्डाण म्हणून त्याच्याकडे बघितलं जातं.

नोव्हेंबरमधलं उड्डाण तसं नव्हतं. कोणाला शोधायचं नव्हतं, खाली उतरून बघायचं नव्हतं. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं, एवढंच. माझ्या मते धोका नेमका इथेच दडला होता. ज्या कामाला आपण मोहीम म्हणतो त्याच्याभोवती नियमांची आणि लक्षाची दाट जाळी विणली जाते. जाण्या-येण्याची उड्डाणं त्या जाळीच्या बाहेर राहतात. डोंगर तर दोन्ही वेळी तेवढाच उंच असतो.

बारा मिनिटांचं गणित

नॉर्थ लास व्हेगास विमानतळ समुद्रसपाटीपासून २,२०५ फुटांवर आहे. शहराच्या पश्चिमेला स्प्रिंग माउंटन्स ही रांग उभी आहे. तिचं सर्वांत उंच शिखर, चार्ल्सटन, ११,९०० फुटांच्या वर जातं. रांगेच्या दक्षिण टोकाकडे पोटोसी आहे, साडेआठ हजार फुटांचा. विमानतळापासून तो सुमारे २० सागरी मैलांवर.

आता हिशेब करू. चढताना १०० नॉटचा, म्हणजे ताशी १०० सागरी मैलांचा, वेग धरला तर हे अंतर कापायला बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नुसतं शिखराच्या बरोबरीला पोहोचायचं तरी जवळपास ६,३०० फूट चढावं लागेल, म्हणजे दर मिनिटाला सव्वापाचशे फूट, एकसारखं. शिखरावरून २,००० फूट अंतर राखून जायचं तर साडेदहा हजार फुटांवर पोहोचावं लागेल आणि चढाचा दर दर मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास लागेल. टर्बो इंजिनाच्या १८२ ला हे अशक्य नाही. पण इंजिन थंड राहावं आणि समोरचं नीट दिसावं म्हणून वैमानिक नाक थोडं खाली ठेवून सावकाश चढतात, ती रोजची सवय इथे पुरत नाही. एकदा मध्येच कंट्रोलरच्या सांगण्यावरून उंची रोखून धरावी लागली, एकदा वेग थोडा वाढला, की हिशेब चुकला. आणि लास व्हेगाससारख्या गजबजलेल्या आकाशात उंची रोखून धरायला सांगितलं जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

हे गणित करायला पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी पन्नास हजार तासांचा अनुभव लागत नाही. मात्र ते कुणीतरी मुद्दाम करायला बसावं लागतं.

त्या रात्री दुसरी अडचण दिसण्याची होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लास व्हेगासला सूर्य संध्याकाळी पाचच्या आधीच मावळतो, म्हणजे उड्डाणाच्या वेळी पूर्ण अंधार पडलेला होता. ९ नोव्हेंबरला अमावास्या होती, तेव्हा चंद्राचा उजेड नाहीच. मागे जगातलं सर्वांत लखलखीत शहर, आणि पुढे वस्ती नसलेला, दिवे नसलेला डोंगर. शहराच्या उजेडातून बाहेर पडलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. त्या काळोखात डोंगर आकाशापासून वेगळा दिसत नाही. क्षितिजावरचे लांबचे दिवे एकेक करून नाहीसे होऊ लागले, तर मध्ये काहीतरी आलं आहे हे ओळखायचं, असं प्रशिक्षक शिकवतात. पण पलीकडे दिवेच नसतील तर तीही खूण मिळत नाही. व्हीएफआर उड्डाणात वैमानिकाने ‘बघून टाळणं’ गृहीत धरलेलं असतं. हवा स्वच्छ असली तरी अशा रात्री बघायला काही उरत नाही. नियमांच्या भाषेत ही ‘दृश्य परिस्थिती’ असते, प्रत्यक्षात ती ढगात उडण्यासारखीच असते.

हाच डोंगर, १९४२

पोटोसीचं नाव अमेरिकी विमान इतिहासात आधीपासून आहे. १६ जानेवारी १९४२ च्या रात्री टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीची फ्लाइट ३ लास व्हेगासहून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला निघाली. संध्याकाळी सातनंतर उड्डाण, चढतं विमान, आणि साधारण पंधरा मिनिटांत याच डोंगरावर आघात. अभिनेत्री कॅरोल लॉम्बार्ड आणि सैन्यातले १५ जण धरून २२ माणसं गेली. तपासात चुकीच्या दिशेचा कोर्स धरल्याचं आढळलं, आणि युद्धामुळे मार्गदर्शक दिवे विझवलेले होते हेही नोंदलं गेलं. तेही वैमानिक नवखे नव्हते.

पासष्ट वर्षांच्या अंतराने तीच वेळ, तीच दिशा, तोच चढ. योगायोग म्हणून मी हे सांगत नाही. एखाद्या विमानतळाभोवतीचा धोका माणसं बदलली, विमानं बदलली, उपकरणं बदलली तरी जागेवर राहतो. म्हणून त्या विमानतळावरून रात्री निघणाऱ्या प्रत्येकाला तो नव्याने सांगितला गेला पाहिजे, कॅप्टन कितीही जुना असो.

दोन कॅप्टन आणि एक आवाज

रडारवर बघणाऱ्या नियंत्रकांचा तपासात उल्लेख आहे आणि तो योग्य आहे. विमान जमिनीच्या धोकादायक जवळ जात असल्याचं नियंत्रकाच्या लक्षात आलं तर इशारा देणं हे त्याचं पहिल्या क्रमांकाचं कर्तव्य असतं. पण व्हीएफआर उड्डाणात डोंगर टाळायची जबाबदारी कायद्याने वैमानिकाचीच राहते. रडारवर आपली सोबत आहे, रेडिओवर ओळखीचा आवाज आहे, म्हणजे कुणीतरी आपली उंचीही बघतंय, असं मनात बसतं. जमिनीपासूनच्या किमान उंचीचा आपोआप इशारा देणारी यंत्रणा नियंत्रण कक्षात असते, पण व्हीएफआर विमानाला ती सहसा मागितल्याशिवाय लागू होत नाही. हे फार थोड्या वैमानिकांना ठाऊक असतं.

हेच उड्डाण आयएफआरने, म्हणजे उपकरणांच्या नियमांखाली, झालं असतं तर? डोंगराळ भागात मार्गाच्या दोन्ही बाजूंना चार सागरी मैलांच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा २,००० फूट वर राहणं तिथे बंधनकारक आहे. निघतानाचा रस्ताही अडथळे लक्षात घेऊन आखलेला असतो. दोघांकडेही त्या उड्डाणाची पात्रता होती. उंचीची जी शिस्त आयएफआरमध्ये नियम स्वतः पाळून घेतो, ती व्हीएफआरमध्ये माणसाच्या आठवणीवर सोडलेली असते.

आणखी एक गोष्ट, हे माझं मत आहे, तपासाचं नव्हे. शोधाच्या उड्डाणात उजव्या सीटवरच्या माणसाला नेमून दिलेलं काम असतं. साध्या प्रवासात दोन तितकेच ज्येष्ठ कॅप्टन शेजारी बसले की कोण काय बघतंय हे बोललं जात नाही. समोरचा एवढा अनुभवी आहे, त्याने बघितलंच असेल, असं दोघांनाही वाटू शकतं. एकमेकांबद्दलचा आदर अशा वेळी तपासणीची जागा घेतो. विमानात दोन वैमानिक असणं ही सुरक्षितता तेव्हाच ठरते जेव्हा त्यातला एक जण मोठ्याने उंची म्हणून दाखवतो.

परवानगी देणाऱ्याने काय विचारावं

जानेवारी २००८ मध्ये एनटीएसबीने रात्रीच्या व्हीएफआर उड्डाणांबद्दल सर्व वैमानिकांसाठी एक सुरक्षा सूचना काढली. चांगल्या हवेत, पूर्ण ताब्यात असलेली विमानं रात्री डोंगरावर आदळत आहेत, असं तिचं म्हणणं होतं. उपाय साधे होते. निघण्याआधी नकाशावर भूभाग नीट अभ्यासा, आजूबाजूच्या डोंगरांच्या बऱ्याच वर जाईपर्यंत माहितीतल्या सुरक्षित दिशेनेच चढा, आणि उंची आयएफआरसारखीच ठेवा: डोंगरात २,००० फूट, इतरत्र १,००० फूट. विमानातल्या जीपीएसवर भूभाग दाखवणारं साधन असेल तर ते वापरायला शिका.

दलाच्या आजच्या नियमावलीतला रात्रीच्या २,००० फुटांचा नियम याच विचाराशी जुळतो. पण त्यात ‘उडणं-उतरणं सोडून’ अशी सूट आहे, आणि ती असायलाच हवी, नाहीतर विमान उडणारच नाही. पोटोसीचा अपघात मात्र चढतानाच झाला. सूट कुठे संपते हे नियम सांगत नाही. विमानतळापासून वीस मैलांवर, शहर मागे टाकल्यावरही आपण ‘चढतोय’ म्हणून नियमाबाहेर आहोत का? माझ्या मते नाही. दिवे असलेल्या खोऱ्याची कड ओलांडली की ही सूट संपली, असं दलाच्या तुकड्यांनी आपापल्या भागासाठी लिहून ठेवावं. मैदानी राज्यात त्याची गरज कमी, नेव्हाडात फार जास्त. म्हणून हा नियम वरून सर्वांना एकसारखा न लावता स्थानिक तुकडीने, आपल्या भोवतीच्या डोंगरांची नावं घालून लिहावा.

परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचं कामही इथेच बदलायला हवं. आज तो पात्रतेचे कागद बघतो: वार्षिक चाचणी झाली का, वैद्यकीय प्रमाणपत्र चालू आहे का, विमानाच्या प्रकाराची मान्यता आहे का, वैमानिकाची झोप झाली आहे का. समोर वीस-पंचवीस हजार तासांचा माणूस असेल तर प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. वीस वर्षांनी लहान सदस्याने दलातल्या ज्येष्ठाला ‘सर, कुठल्या उंचीवर डोंगर ओलांडणार?’ असं विचारणं सोपं नाही. प्रश्न फॉर्मवर छापलेला असेल तर तो विचारणाऱ्याचा राहत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही. रात्रीच्या प्रत्येक उड्डाणासाठी तीन रकाने पुरतात: मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या चार मैलांतली सर्वांत उंच जागा कोणती, तिथे पोहोचेपर्यंत तुमची उंची किती असेल, आणि ती झाली नाही तर कुठे वळाल. पोटोसीच्या वाटेवर पहिल्या रकान्यात साडेआठ हजार, दुसऱ्यात किमान साडेदहा हजार असं लिहावं लागलं असतं.

तिसऱ्या रकान्याचं उत्तरही लास व्हेगासमध्ये अवघड नाही. उजेडाच्या खोऱ्यावरच फेऱ्या मारत उंची घ्यायची, मग पश्चिमेला वळायचं. नाहीतर आंतरराज्य महामार्ग १५ धरून दक्षिणेला, जीन आणि प्रिम या गावांवरून चढत जायचं. पोटोसी उजव्या हाताला बाजूला राहतो. दोन्ही वाटांनी रोझामंडला पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात आणि थोडं जास्त इंधन. नियंत्रकाला ‘मला चढायला मोकळी जागा हवी आहे, कारण पुढे डोंगर आहे’ असं सांगितलं तर तो बहुतेक वेळा देतो. मागणं मात्र वैमानिकाने करावं लागतं.